साठीचा वाढदिवस आणि पणजीतले कॅसिनो : मराठवाड्यातल्या जोडप्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, परभणी, नांदेड, बीड, जालना भागातून गोव्याला जाणाऱ्या जोडप्यांच्या सहली मी ठरवून देते. पन्नाशी, साठी, पंच्याहत्तरी असं निमित्त असतं. बऱ्याचदा तिकिटं मुलांनी काढलेली असतात आणि आईवडील जरा बुजलेले असतात. फोनवर तेच ते प्रश्न येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

वाढदिवस नेमका कोणता धरायचा? आधार कार्डावर १ जून आहे.

आपल्याकडे पन्नाशी-साठीतल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस १ जून असतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी वय बसवायला जी तारीख टाकली, ती पुढे आधार कार्डापर्यंत चिकटली. खरा जन्म कधीचा म्हणाल, तर आई सांगायची, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी किंवा दुसरी पेरणी करावी लागली त्या वर्षी. माझं म्हणणं, कागद कागदाच्या जागी राहू द्या. हॉटेलात आणि कॅसिनोत ओळखपत्रावरची तारीख चालते, साजरा मात्र घरातल्यांना आठवतो तो दिवस करा. तोही कुणाला आठवत नसेल तर दोघांनी मिळून एक तारीख ठरवा. १ जूनला गोव्यात पाऊस दाराशी आलेला असतो, म्हणून कागदी तारखेच्या हट्टापायी मे अखेरच्या घामात जाऊ नका.

साठीशांत करायची आहे. मग कॅसिनोत जाणं बरं दिसतं का?

दोन्ही करता येतं, फक्त एकाच दिवशी नको. उग्ररथ शांत, साठ दिव्यांचं औक्षण, भावकीचं जेवण हे घरी उरकून घ्या. ते सगळ्यांसाठी असतं. त्या दिवशी यजमान पाटावर आणि बाई सकाळपासून स्वयंपाकघरात, हे आपण पिढ्यान् पिढ्या पाहतो आहोत. सहल त्यानंतर, फक्त दोघांची. दिवे गोव्याला न्यायच्या भानगडीत पडू नका. हॉटेलच्या खोलीत आणि जहाजावर उघड्या ज्योतीला परवानगी मिळणं अवघड असतं.

आणि एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक फोन बाबांच्या साठीसाठी असतात, आईच्या पन्नाशीसाठी फार थोडे. बाईचं पन्नासावं वर्ष म्हणजे मुलं मार्गी लागलेली, सासूसासऱ्यांचं करून झालेलं, आणि स्वतःच्या नावानं एकही सहल झालेली नाही. तिचाही वाढदिवस मोजा.

हे कॅसिनो कायदेशीर आहेत का? आपल्याकडे तर पत्त्याच्या क्लबवर धाडी पडतात.

गोव्यात कायदेशीर आहेत. गोवा, दमण आणि दीव सार्वजनिक जुगार कायदा १९७६ चा. त्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रावरच्या खेळांना परवानगी मिळाली, आणि १९९६ च्या दुरुस्तीनं जहाजावर टेबलावरचे खेळ आले. म्हणून पणजीतले मोठे कॅसिनो मांडवी नदीत नांगरलेल्या जहाजांवर आहेत. प्रवेशाला वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत. १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना या कॅसिनोंत खेळायला बंदी आहे, हे पर्यटकांपुरतंच ठेवलेलं प्रकरण आहे.

महाराष्ट्रानं १९७६ मध्येच कॅसिनोचा कायदा केला होता, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये सरकारनं तो रद्द करायचं ठरवलं. गावाकडच्या पेपरात ‘तिर्रट’, ‘झन्ना मन्ना’ खेळताना इतके जण पकडले अशी जी बातमी येते, ती आपल्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखालची. सीमेपलीकडे परवाना आहे म्हणून आपल्या शेतातल्या शेडमध्ये टेबल मांडता येत नाही.

पणजीच्या लोकांना ही जहाजं नदीत नको आहेत, हेही माहीत असू द्या. किनाऱ्यावरची गर्दी, गाड्या, रात्रभरचे दिवे यावर त्यांचा वर्षानुवर्षं आक्षेप आहे. आपण त्यांच्या गावात पाहुणे आहोत. रात्री दोन वाजता धक्क्यावर आरडाओरडा करू नये.

मकाव किंवा लास वेगासला गेलो तर?

पासपोर्ट आणि ऐपत असेल तर मकाव छानच आहे. भारतीय पासपोर्टवर तिथे ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. हाँगकाँगमार्गे जाणार असाल तर तिकडची आगाऊ ऑनलाइन नोंदणी आधी करावी लागते. हाँगकाँगहून २०१८ मध्ये सुरू झालेला समुद्रावरचा पूल आहे, जोडरस्त्यांसकट ५५ किलोमीटरचा. मकाव १९९९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होतं, त्यामुळे जुन्या गल्ल्या आणि चर्च पाहताना पणजीची आठवण होते. लास वेगाससाठी अमेरिकेचा व्हिसा हवा, प्रवास दीड दिवसाचा. साठीतल्या जोडप्याची पहिलीच मोठी सहल असेल तर मी पणजीच सुचवते. तिथे मराठी बहुतेकांना कळतं, आणि भाषा कळली की घरची बाई स्वतः बाजारात जाऊन भाव करू शकते. हे सुख लहान नाही.

मराठवाड्यातून कसं जायचं?

रेल्वेनं जायचं तर संभाजीनगर, जालना, परभणीकडच्यांनी मनमाड गाठावं. दिल्लीहून येणारी गोवा एक्सप्रेस मनमाड, अहिल्यानगर, दौंड, पुणे, मिरज, बेळगाव करत मडगावला जाते आणि घाटात दूधसागर धबधब्यासमोरून जाते. लातूर-धाराशिवकडून कुर्डूवाडी, पंढरपूरमार्गे मिरजेपर्यंत रूळ आहेत, तिथे गाडी बदलता येते. मडगाव ते पणजी साधारण ३५ किलोमीटर.

स्वतःच्या गाडीनं जाणार असाल तर नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर असा सरळ रस्ता आहे. पुढे निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा. एका दिवसात ओढत नेऊ नका, कोल्हापूरला मुक्काम करा. पावसाळ्यात आंबोली घाटात धुकं इतकं दाटतं की पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसेनासा होतो, तेव्हा तो टप्पा दुपारीच पार करा.

विमानानं गेलात तर तिकिटावर दाबोळी की मोपा ते नीट बघा. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे आणि तो उत्तरेकडे आहे. परतीचं विमान भलत्याच विमानतळावरून असलं की टॅक्सीला भुर्दंड बसतो.

कोणत्या महिन्यात जावं?

नोकरदार असाल तर नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी. शेतकरी असाल तर सोयाबीनची रास होऊन माल आडतीला गेला की. तेव्हा हातात पैसा असतो आणि हवाही चांगली असते. फक्त आडतीचे पैसे घेऊन थेट निघू नका, बियाण्याचं, खताचं, सोसायटीचं देणं आधी बाजूला काढा. नाताळ ते नववर्ष हा आठवडा टाळा, सगळे दर चढलेले असतात. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे मासळीसाठी जाणाऱ्यांनी हे दोन महिने सोडावेत.

जहाजावर गेल्यावर नेमकं काय होतं? आम्ही कधी पाहिलेलंच नाही.

मांडवीच्या काठच्या रस्त्यावर प्रत्येक कॅसिनोचं आपापलं कार्यालय आणि धक्का आहे. तिथे मूळ ओळखपत्र दाखवायचं, झेरॉक्स चालत नाही. पॅन कार्डही जवळ ठेवा. प्रवेशाचं पॅकेज घेतलं की मनगटाला पट्टी बांधतात आणि छोट्या बोटीनं जहाजावर नेतात. जहाज नांगरलेलं असतं, कुठे जात नाही. बोट लागण्याची भीती असलेल्यांना एवढ्यानंच धीर येतो.

पॅकेजमध्ये साधारणपणे जेवण, काही पेयं, गाण्या-नाचाचा कार्यक्रम आणि थोड्या चिप्स, म्हणजे खेळताना पैशांऐवजी लावायच्या चकत्या, येतात. या फुकटच्या चिप्स बहुतेकदा एकदाच खेळायच्या असतात, त्या काउंटरवर देऊन रोख मिळत नाही. पैसे मोजून घेतलेल्या रोख चिप्स मात्र परत करता येतात. शनिवार-रविवारचे दर जास्त, सोमवार ते गुरुवारचे कमी. वाढदिवस मंगळवारी आला तर तो मंगळवारीच साजरा करा.

खेळाच्या मजल्यावर फोटो काढू देत नाहीत. केक कापायचा असेल तर आदल्या दिवशी फोन करून ठरवा.

साडी चालते का? यजमान धोतर-सदऱ्यात आले तर?

साडी उत्तम. काठापदराची नेसा, पैठणी असेल तर पैठणी नेसा, फक्त बोटीत चढताना पदर खोचून घ्या. पुरुषांना हाफ पँट आणि चपलेवर अडवतात. धोतराचं प्रत्येक ठिकाणी वेगळं, आधी विचारून घ्या. एसी कडक असतो, शाल न्या.

आम्ही शाकाहारी आहोत, माळकरी आहोत.

जेवणात शाकाहारी वेगळं मांडलेलं असतं. पण माळकऱ्यांना एकाच दालनात मांसाहार आणि दारू असणं रुचत नाही, आणि ते बरोबरच आहे. अशांनी कॅसिनोचा आग्रहच धरू नये. सांता मोनिका जेट्टीवरून संध्याकाळच्या नदीफेरीच्या बोटी सुटतात, तासाभराच्या. त्यात गोव्याची लोकनृत्यं असतात आणि नदीतून कॅसिनोंची रोषणाईही दिसते.

कोणता खेळ खेळावा? कशात जिंकण्याची शक्यता जास्त?

आधी हे पक्कं समजून घ्या : प्रत्येक खेळात थोडा वाटा घराचा, म्हणजे कॅसिनोचा, गणितातच ठेवलेला असतो. त्यासाठी कुणी लबाडी करावी लागत नाही.

रुलेटचं चाक घ्या. त्यावर १ ते ३६ आकडे आणि एक हिरवं शून्य, एकूण ३७ कप्पे. एका आकड्यावर चिप ठेवलीत आणि तो आला तर ३५ पट मिळतात, शिवाय ठेवलेली चिप परत येते. शून्य नसतं तर हिशोब बरोबरीत सुटला असता. त्या एका शून्यामुळे लावलेल्या प्रत्येक १०० रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे घराकडे जातात. चाकावर शून्य आणि दुहेरी शून्य असे दोन हिरवे कप्पे असतील तर हाच आकडा ५ रुपये २६ पैसे होतो. म्हणून बसण्याआधी चाकावरचे हिरवे कप्पे मोजा.

खेळ बघायला फार देखणा आहे. डीलर, म्हणजे टेबल चालवणारी मुलगी, चाक एका दिशेनं फिरवते, पांढरी गोळी उलट्या दिशेनं सोडते. गोळी मंदावू लागली की ती टेबलावरून आडवा हात फिरवते, त्यानंतर चिप ठेवायची नाही. गोळी दोन-चार उड्या मारत एका कप्प्यात बसते. त्या आकड्यावर काचेचा छोटा मार्कर येतो, हरलेल्या चिप्स ती दोन्ही हातांनी ओढून घेते आणि मग जिंकलेल्यांच्या चिप्स मोजून पुढे सरकवते. मार्कर उचलेपर्यंत टेबलाला हात लावू नये. माझ्या ओळखीच्या एका काकूंनी एकही पैसा न लावता संध्याकाळभर त्या टेबलाशी उभं राहून हे पाहिलं, आणि त्यांना ती सहलीतली सगळ्यात आवडलेली गोष्ट वाटली.

अंदर-बाहर आपल्याकडच्या सगळ्यांना येतो. मधे एक पान उघडतात, मग दोन्ही बाजूंना आळीपाळीनं पानं पडतात, तसंच पान ज्या बाजूला येईल ती बाजू जिंकते. ज्या बाजूपासून वाटायला सुरुवात होते तिची शक्यता किंचित जास्त, साधारण ५१.५ टक्के. म्हणूनच त्या बाजूला बहुधा पुरते पैसे देत नाहीत, १०० ला ९० देतात. बकारा हा ‘बँकर’ आणि ‘खेळाडू’ अशा दोन बाजूंवर पैसे लावायचा पत्त्यांचा खेळ. त्यात बँकरच्या बाजूला घराचा वाटा १.०६ टक्के, खेळाडूच्या बाजूला १.२४ टक्के, मात्र बरोबरीवर पैसे लावले तर तो १४ टक्क्यांच्या वर जातो. तेव्हा बरोबरीवर कधीच लावू नका. तीन पत्ती ओळखीची वाटते म्हणून माणूस सैल सुटतो. दिवाळीत भावकीत खेळताना सगळे सारखे असतात, इथे समोर घर बसलेलं असतं.

‘पाच वेळा लाल आलं, आता काळं येणारच’ असं शेजारचा कुणी सांगेल. गोळीला मागचं काही आठवत नाही. हरलं की दुप्पट लावायची युक्तीही सांगतील. १०० पासून सुरुवात करून सात वेळा ओळीनं हरलात तर १२,७०० रुपये गेलेले असतात, आणि पुढचा डाव १२,८०० चा. तिथवर टेबलाची मर्यादा तरी संपते नाहीतर खिसा तरी.

खेळायला किती पैसे ठेवावेत?

जत्रेत पाळण्याचं तिकीट काढतो तेव्हा ते पैसे परत येतील असं आपण धरत नाही. कॅसिनोची रक्कम तशीच धरा. घरून निघतानाच दोघांनी बसून आकडा ठरवा, तेवढी रोख वेगळ्या पाकिटात घाला आणि एटीएम कार्ड हॉटेलात ठेवून जा. पाकीट ज्याला खेळायची कमी हौस आहे त्याच्याकडे असावं. बहुतेक जोडप्यांत ते बाईकडे जातं आणि तिथे सुरक्षित राहतं.

करही धरा. कॅसिनोवर १ ऑक्टोबर २०२३ पासून चिप्सच्या पूर्ण किमतीवर २८ टक्के जीएसटी लागू झाला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. कर वरून घेतात की रकमेतच धरतात, हे चिप्स घेण्याआधी विचारा. आतच धरत असतील तर १०,००० रुपये दिल्यावर खेळायला जेमतेम ७,१४३ रुपये उरतात. खेळातल्या दोन-तीन टक्क्यांपेक्षा ही गळती कितीतरी मोठी आहे. म्हणून पुन्हा पुन्हा चिप्स घेऊ नका, एकदाच घ्या.

उसने पैसे घेऊन, सोनं ठेवून किंवा पीककर्जातून कॅसिनोला जाणार असाल, तर मी सहल ठरवून देत नाही. यावर वाद घालू नये ही विनंती.

जिंकलो तर?

थांबा, काउंटरवर चिप्स द्या, पैसे घ्या आणि जेवायला जा. अशा जिंकीवर सरसकट ३० टक्के आयकर आणि वर उपकर आहे. हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत, इतर वजावटीही चालत नाहीत. शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं म्हणून हेही त्यात खपवू असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. मोठी रक्कम मिळाली तर गावी पोचल्यावर आधी सीएला भेटा, मग पेढे वाटा.

यांना खेळायचंय, मला नाही. मी काय करू?

हा प्रश्न बायकाच विचारतात. सहल दोघांची आहे, त्यामुळे कॅसिनोची एकच संध्याकाळ ठेवा आणि परतायची वेळ आधी ठरवा. जहाज रात्रभर चालू असतं, तिथे घड्याळाकडे कुणी बघत नाही, तेव्हा वेळ आपणच पाळायची. ‘अहो, चला’ म्हटलं की यजमानांनी उठायचं, एवढा शब्द निघण्याआधी घ्या. बाकीचे दिवस तुमच्या आवडीनं ठरू द्या.

यांना आधीपासून पत्त्यांचा नाद आहे. नेऊ का?

नेऊ नका. मटका, रमी, क्लब यात ज्यांचे पैसे किंवा जमीन गेली आहे, पैसे कुठे गेले ते जे लपवतात, हरलेलं भरून काढायला पुन्हा बसतात, त्यांच्या वाढदिवसाला कॅसिनो ही भेट होऊ शकत नाही. गोवा तरीही करा, पणजी सोडून दक्षिणेकडे काणकोण-पाळोळ्याला जा. आणि नादाबद्दल बोलायला १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक आहे. घरच्यांनी फोन केला तरी चालतो. लाज वाटून गप्प बसण्यात फार घरं गेली आहेत.

गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे.

बोटीत चढताना-उतरताना एक-दोन उंच पायऱ्या असतात, कर्मचारी हात देतात. जहाजावर मजल्यांची चढउतार आहे, लिफ्ट आहे का ते बुकिंगच्या वेळी विचारा. सिगारेटचा धूर काही मजल्यांवर असतो, दमेकऱ्यांनी जपावं. गोळ्या जवळ ठेवा, आणि मधुमेह असेल तर जेवण अकरावर ढकलू नका.

दिवसा पणजीत काय बघायचं?

खूप आहे. नदीकाठचं जुनं सचिवालय मुळात विजापूरच्या आदिलशहाचा वाडा. परांड्याचा, नळदुर्गचा किल्ला पाहिलेल्यांना हे नाव परकं नाही. शेजारीच आबे फारियांचा पुतळा आहे, १७५६ साली गोव्यात जन्मलेले आणि संमोहनशास्त्रात जगभर नाव झालेले धर्मगुरू. फोंतेन्यास भागातली पिवळी-निळी घरं सकाळी आठच्या आत पायी बघा. रायबंदरहून फेरीबोटीनं चोडण बेटावर जा, तिथे सलीम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे. जुन्या गोव्यातली चर्च १९८६ पासून जागतिक वारशात आहेत, आणि तिथून फोंड्याकडे वळलं की मंगेशी, शांतादुर्गा. नाश्त्याला पातळ भाजी आणि पाव खा. तीन रात्री पुरतात, चौथी मिळाली तर समुद्रावर.

येताना गोव्याची दारू आणली तर चालते का?

परवान्याशिवाय नाही. बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्काचा तपासणी नाका आहे, गाड्या थांबवून डिकी बघतात, आणि बाटल्यांसोबत गाडीही जप्त होऊ शकते. पाहुण्यांना वाटायला काजू आणा, कोकम आणा. काजू पणजीच्या नगरपालिका बाजारात चाखून घ्या, रस्त्यावरच्या चकचकीत पाकिटांच्या नादी लागू नका.